दूरवेन, सतरा किलोमीटर

फ्रेंचांकडे नदीला दोन शब्द आहेत:
एक, जी दुसऱ्या नदीत विरते तिच्यासाठी,
एक, जी थेट समुद्राला जाते तिच्यासाठी.
दूरवेन सतरा किलोमीटरची, उन्हाळ्यात घोट्याएवढी,
तरी कागदोपत्री तिला दुसराच शब्द लागतो,
मोठ्या नद्यांचा.
ब्रिटनीतली म्हातारी माणसं तिला नुसतं पाणी म्हणतात.
त्यांच्या भाषेत पाणी म्हणजे दूर.

उगम म्हणून दाखवावं असं काही नाही.
टेकडीखाली एक ओलं शेत, त्यात गाईंचे खूर रुततात,
मग दगडी कुंड,
काठावर धुणी धोपटून गुळगुळीत झालेल्या तीन शिळा.
पहिल्या गिरणीपर्यंत ओहोळ, दुसरीपर्यंत ओढा,
पुलाखालून गेली की नदी,
आणि शेवटचे तीन किलोमीटर ती स्वतःचीही नसते:
दिवसातून दोनदा समुद्र आत येतो,
होड्या उचलतो,
पुन्हा चिखलात कुशीवर निजवून जातो.

एके काळी जवसाच्या पेंढ्या तिच्यात कुजवायचे,
धागा सुटावा म्हणून.
सबंध सप्टेंबर नाकाला फडकं.
मासे पोट वर करून वाहत यायचे
आणि गिरणीवाला तक्रार घेऊन मठात जायचा.
मठाधिपतींचा सदरा त्याच धाग्याचा,
त्यामुळे निकाल जरा लांबला: एकशे दहा वर्षं.
मग बाहेरून स्वस्त सुती कापड आलं.
मासे परतले.
विणकर गेले.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टात जर्मन जाता जाता पूल उडवून गेले.
एक कमान उरली. तिच्या फटीतून अंजीर उगवलंय,
फळं पिकतात पण हात पोचत नाही.

अडुसष्ट साली सरकारी माणूस नकाशा घेऊन आला.
बांध मोडले, शेताला शेत जोडलं,
आणि केरदीनूच्या माळावरची तिची नऊ वळणं
एका बुलडोझरनं पंधरवड्यात सरळ केली.
आझेनोरच्या बापानं सही केली.
दोन वळणांच्या बदल्यात मक्याला सलग जमीन.
पेन त्यांचंच होतं, एवढंच तो पुढं सांगायचा.

पण दोन गावांची शीव जुन्या पात्राच्या मधोमध जाते,
ती सरळ करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
म्हणून आजही नकाशावर एक तुटक रेघ
कोरड्या मक्यातून नागमोडी चालते.
आझेनोरचं स्वयंपाकघर एका गावात,
कोंबड्यांचं खुराडं दुसऱ्या.
कराच्या पावत्या दोन, पोस्टमन मात्र एक,
आणि तो या विषयावर फार बोलतो.

मुखाशी आता उन्हाळ्यात हिरवं शेवाळ साचतं.
वरच्या बाजूला डुकरांचे लांबच लांब गोठे आहेत,
त्यांच्याबद्दल जेवताना कुणी काढत नाही;
निम्म्या घरांची चूल त्यांच्यावर.
एर्वान रियूचा कुत्रा शेवाळ हुंगायला गेला
तो तिथंच आडवा झाला.
पाटी लागली: पुढे जाऊ नये.
कारण लिहायला पाटीवर जागा होती.

गेल्या फेब्रुवारीत
उधाणाची भरती आणि पाऊस एकाच रात्री आले.
उजाडता आझेनोर, वय एकोणऐंशी, रबरी बूट, हातात बादली,
अंडी आणायला निघाली आणि दारातच थांबली.
मक्याच्या खुंटांतून पाणी चाललं होतं.
सैरावैरा नाही. रेघेवरून.
तिनं बोटावर मोजली: सात वळणं.
दोन तिला आठवली नसावीत,
किंवा ती सहीनिशी गेलेली.

पलीकडे, दुसऱ्या गावात,
कोंबड्या खुराड्याच्या छपरावर बसून होत्या,
कोंबडा धरून एकूण अकरा.

आझेनोरनं बादली खाली ठेवली.
दूर, म्हणाली,
उंबऱ्यापासून चार हातांवर.